आईच्या मशीनचे कार्बन

मुख्याध्यापकाच्या टेबलाच्या खणात शाळेचे शिक्के, कपाटांच्या किल्ल्या, मुलांकडून काढून घेतलेल्या गोट्या आणि पेनांची टोपणे असावीत, हे रीतीला धरूनच आहे. माझ्या खणात यांखेरीज एक काडेपेटी असते. तिच्यात कोळशासारखे काळे, पाटीवरच्या पेन्सिलीच्या झिजलेल्या तुकड्यांएवढे दोन तुकडे आहेत. एकदा तपासणीसाठी आलेल्या अधिकाऱ्यांनी ती पेटी उघडून पाहिली आणि विचारले, "ये क्या है, माट्साब?" मी म्हटले, "कार्बन ब्रश." विज्ञानाच्या साहित्यापैकी काही असावे असे समजून त्यांनी पेटी मिटली. मराठीचा एम. ए. असलेल्या माणसाच्या खणात विजेच्या मोटारीचे ब्रश कशासाठी, असा प्रश्न त्यांना पडला नाही. पडता तर उत्तर द्यायला मला अर्धा तास लागला असता, आणि त्यातले निम्मे मी कदाचित सांगितलेही नसते.

ही गोष्ट १९८४ सालच्या उन्हाळ्याची. आम्ही तेव्हा इंदूरच्या रामबागेत दोन खोल्यांत राहत होतो. वडील जाऊन तीन वर्षे झाली होती. आई शिवणकाम करी. एरवी पोलकी, परकर, उशांचे अभ्रे असे किरकोळ काम असे; परंतु मे आणि जून हे दोन महिने शाळेच्या गणवेशांचे. जुलैच्या पहिल्या तारखेला शाळा उघडत, आणि त्याआधी शिवलेले कपडे पोचले नाहीत तर पुढच्या वर्षी गिऱ्हाईक दुसऱ्या दाराशी जाई. आमचे पुढचे सहा महिने त्या दोन महिन्यांवर उभे असत, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

पायमशीन चालवून आईचे गुडघे धरू लागले होते. म्हणून आदल्या वर्षी, शहर सोडून जाणाऱ्या एका कुटुंबाकडून तिने मशीनला लावायची एक जुनी मोटार विकत घेतली. मुठीएवढी ती वस्तू मशीनच्या मानेला लटकली, पायाखाली तिचा खटका आला आणि आमच्या घरात एक नवा आवाज राहायला आला. आई त्या आवाजाला 'भुंगा' म्हणे. मोटारीची देखभाल अर्थातच माझ्याकडे आली. मी चौदा वर्षांचा होतो, आणि घरातला कर्ता पुरुष असल्याची समजूत माझी मीच करून घेतली होती.

फिरत्या वस्तूला तेल द्यावे, एवढे यंत्रशास्त्र मला ठाऊक होते. दर रविवारी मशीनला तेल देताना मी मोटारीच्या दोन्ही बाजूंच्या टोप्या उघडून आतही दोन-दोन थेंब सोडीत असे. त्या टोप्यांच्या आड ब्रश असतात. एप्रिलअखेर मोटार अडखळू लागली. आत निळसर ठिणग्या दिसू लागल्या. टोप्या काढल्या तर आतले कार्बन अगदी आखूड झालेले. आईने चार रुपये दिले आणि सांगितले, "महाराणी रोडवर मिळतील. जोडी आण."

मी महाराणी रोडकडे निघालो खरा. पण वाटेत एक रद्दीवाला लागत असे. आमच्याकडे मराठी वाचायला फारसे मिळत नव्हते. महाराष्ट्रातून येणारे दिवाळी अंक वाचनालयात हातोहात फाटत आणि वर्षभराने रद्दीत येत. त्या दिवशी तिथे एक जाडजूड दिवाळी अंक पडला होता. मुखपृष्ठ गेलेले, आतला मजकूर शाबूत. किंमत तीन रुपये. उरलेल्या एका रुपयात कार्बन येत नव्हते. पुढचे मी फार विचार करून केले असे नाही. बॅटरीतल्या संपलेल्या सेलमध्ये कार्बनची कांडी असते, हे विज्ञानाच्या तासाला शिकवले होते. कार्बन तो कार्बन, असा माझा न्याय. घरी येऊन सेल फोडला, कांडी काढली आणि आई भाजीला गेलेली पाहून देवघरातल्या सहाणेवर ती घासत बसलो. गोल कांडीला चौकोनी करताना बोटांची साले निघाली. आतले तांबे मळकट तपकिरी दिसत होते, तेही एमरीच्या कागदाने घासून लखलखीत केले. अंक गादीखाली ठेवला.

मोटार चालली. आईने कौतुकही केले. दोन दिवस ती चालली. तिसऱ्या दिवशी दुपारी आतून ठिणग्यांचे वेटोळे दिसले, जळक्या वार्निशाचा वास खोलीभर पसरला आणि भुंगा गप्प झाला. कातून ठेवलेल्या कापडाची चळत मशीनशेजारी होती. आई काही बोलली नाही. तिने मोटारीचा पट्टा काढला, पायपट्टीचा पट्टा चढवला आणि खटक-खटक सुरू केली. त्या रात्री मला झोप लागेपर्यंत ती चालू होती. पहाटे जाग आली तेव्हा आई गुडघ्यांना एरंडेल चोळीत बसली होती.

महाराणी रोडच्या मागल्या गल्लीत एक आर्मेचर भरणारे मिस्त्री होते. आयुष्याची बरीच वर्षे त्यांनी इथल्या एका कापडगिरणीच्या वीजखात्यात काढली होती, नंतर स्वतःचे दुकान टाकले. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी मोटार उघडली, आर्मेचर उजेडात धरले आणि बोटाने तांब्यावरून फिरवून ते बोट हुंगले. "तेल पिलाया इसको?" मी मान हलवली. "अरे बेटा, कार्बन को तेल? कार्बन तो खुद तेल है." मग त्यांनी सेलच्या कांडीचा तुकडा चिमटीत घेतला, माझ्या सोललेल्या बोटांकडे पाहिले आणि पुढचे काही विचारले नाही.

त्या दोन वाक्यांचा अर्थ कळायला मला पुढचे दीड महिना त्यांच्या दुकानात बसावे लागले. आर्मेचर नव्याने भरण्याची मजुरी साठ रुपये होती. आईकडून त्यांनी वीस घेतले आणि तिला सांगितले, "आर्मेचर पुराना था, बाई. जाना ही था." उरलेले चाळीस मी सुटीभर काम करून फेडायचे, हे आमच्या दोघांत ठरले. आईला वाटले, मुलगा हुन्नर शिकतो आहे. वर्गात पहिला येणाऱ्या मुलाने मोटारी कशाला शिकायच्या, असेही तिला वाटले. दोन्ही गोष्टी तिने एकाच संध्याकाळी बोलून दाखवल्या.

मोटारीचा फिरता भाग म्हणजे आर्मेचर. त्याच्या एका टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचे नळकांडे असते. पट्टी आणि पट्टी यांच्यामध्ये अभ्रकाची पातळ भिंत. यास कम्युटेटर म्हणतात. आमच्या शाळेतील हिंदी पुस्तकात 'दिक्परिवर्तक' असा भारदस्त शब्द आहे. बाहेरची वीज या फिरत्या तांब्यात पोचवायची तर काहीतरी स्थिर वस्तू त्याला सतत टेकलेली हवी. ती वस्तू म्हणजे ब्रश. कोळशाच्या ठोकळ्याला ब्रश का म्हणावे, हे कोडे मला भाषेचा विद्यार्थी म्हणून पुष्कळ दिवस सतावीत होते. उत्तर पुढे वाचनात आले. आरंभीच्या यंत्रांत तांब्या-पितळेच्या तारांचे झुबके तांब्यावर टेकवीत, आणि ते खरोखरच कुंच्यासारखे दिसत. वस्तू बदलली, नाव राहिले. आपल्या भाषेत 'शाई' हा शब्द काळेपणा विसरून लाल-निळ्या शाईलाही चालतो, तसेच हे.

तारांचे ते कुंचे ठिणग्या फार पाडीत आणि तांबे कुरतडून टाकीत. १८८५ साली जॉर्ज फोर्ब्स या स्कॉटिश वैज्ञानिकाने त्यांच्या जागी कार्बन वापरण्याचे पेटंट घेतले. वरवर पाहता हा उलटा शहाणपणा. तांब्याच्या मानाने कार्बन विजेला कितीतरी अधिक अडवतो. पण मर्म त्या अडवण्यातच आहे. आर्मेचर फिरताना ब्रश क्षणभर शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांवर एकदम टेकतो, आणि त्या दोन पट्ट्यांना जोडलेल्या वेटोळ्यातील प्रवाह त्या क्षणात दिशा बदलीत असतो. ब्रश तांब्याचा असेल तर त्याच्यातून मोठा प्रवाह उगाच गरगरतो आणि पट्टी सुटताना ठिणगी उडते. कार्बन त्या गरगरणाऱ्या प्रवाहाला आवर घालतो. शिवाय तो मऊ असल्याने स्वतः झिजतो आणि तांब्याला राखतो. ब्रश चार रुपयांचा, आर्मेचर साठाचे. कोणी झिजायचे हे ठरवूनच ही रचना केलेली असते. माझी सेलची कांडी नेमकी याच ठिकाणी चुकली. ती बनवताना फिरत्या तांब्याचा विचारच कोणी केलेला नसतो. ती कडक आणि खरबरीत, शिवाय माझ्या हातून वाकडीतिकडी झालेली. तिने तांब्यावर चरे पाडले, तांब्याचा आणि कार्बनचा चुरा तेलात कालवून पट्ट्यांमधल्या फटींत बसला, वीज आडवाटेने गेली आणि वेटोळे जळाले.

मूळचे कार्बन लवकर का संपले, हेही तिथेच कळले. तेलाने कार्बनच्या भुकटीचा चिखल होतो. तो चिखल ब्रशाच्या घरात साचला की ब्रश अडकतो, स्प्रिंग त्याला पुढे ढकलू शकत नाही आणि तांब्याशी स्पर्श सुटत-जुळत राहतो. प्रत्येक सुटण्याला एक ठिणगी, आणि प्रत्येक ठिणगी कार्बनचा कण जाळते. मोटार जपण्याच्या भरात मीच तिला दर रविवारी थोडी थोडी मारीत होतो.

चाचांचे आणखी एक वाक्य मला आज सर्वांत मोलाचे वाटते. तांबे चमकवल्याबद्दल ते जितके रागावले तितके सेलच्या कांडीबद्दलही रागावले नव्हते. "चमकाया काहे को?" आमच्या घरी तांब्याचे भांडे काळवंडले की चिंचेने घासून लखलखीत करण्याची शिस्त, तपकिरी तांबे म्हणजे आळशी सून, अशी आजीची व्याख्या. कम्युटेटरचे मात्र उलटे आहे. नीट चालणाऱ्या मोटारीत तांब्यावर हळूहळू एक थर धरतो. दुधावरच्या सायीपेक्षा किती तरी पातळ अशा त्या थरात तांब्याचे ऑक्साइड असते, कार्बनचे सूक्ष्म कण असतात आणि हवेतील ओलावा असतो. रंग चॉकलेटी, सारखा, किंचित तुकतुकीत. ब्रश वास्तविक तांब्यावर घासतच नाही. तो या थरावर सरकतो. थर चांगला तर ब्रश वर्षानुवर्षे टिकतो. थर खरवडला की त्याच मोटारीत तोच ब्रश भराभर उतरतो. मी एमरीने तो थर काढला होता, आणि एमरीचे कडक कण तांब्यात रुतवले होते ते वेगळेच. घासायचेच तर साधा काचकागद घ्यावा, एमरी कधीही नाही, हा नियम चाचा बालवाडीतल्या पोराला शिकवावा तसा मला रोज विचारीत.

या थरातील ओलाव्याची कथा मी पुष्कळ वर्षांनी वाचली. दुसऱ्या महायुद्धात विमाने अधिकाधिक उंच उडू लागली, तेव्हा त्यांच्या जनित्रांतील ब्रश, जे जमिनीवर शेकडो तास चालत, ते आकाशात काही तासांतच भुकटी होऊन संपू लागले. उंचीवरची हवा विरळ आणि अतिशय कोरडी. तोपर्यंत समजूत अशी होती की, ग्राफाइटचे पापुद्रे एकमेकांवर सहज घसरतात आणि हा निसरडेपणा त्याच्या अंगचाच आहे. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील आर. एच. सॅव्हेज यांच्या प्रयोगांतून, जे १९४८ साली प्रसिद्ध झाले, असे दिसले की निर्वात जागी ग्राफाइट निसरडे राहत नाही; त्याला पाण्याची वाफ हवी असते. वाफ नाहीशी केली की तेच ग्राफाइट करकरत झिजते. विमानांच्या ब्रशांसाठी मग उपाय निघाला तो असा की, कार्बनच्या छिद्रांत बेरियम फ्लोराइडसारखे क्षार मुरवायचे. कोरड्या हवेतही तांब्यावर थर धरून ठेवण्याचे काम ते करतात. "कार्बन तो खुद तेल है" या चाचांच्या वाक्याला एवढी एक पुरवणी जोडावी लागेल. ती ऐकायला ते आता नाहीत.

ब्रश अधिक टिकाऊ करण्याचा इतिहास म्हणजे बराचसा भट्टीचा इतिहास आहे. कोळशाची, काजळीची भुकटी डांबरात मळून, दाबून, भाजून ठोकळा करतात. हाच ठोकळा पुढे विजेच्या भट्टीत अडीच हजार अंश सेल्सियसच्या आसपास तापवला की त्याचे ग्राफाइट होते. तो तांब्याला मऊ आणि ठिणगीला चिवट होतो. कृत्रिम ग्राफाइटची ही वाट अमेरिकेतील एडवर्ड अॅचेसनने दाखवली. त्याचे पेटंट १८९६ सालचे. मोटारगाडीच्या स्टार्टरसारख्या जागी व्होल्टेज थोडे आणि प्रवाह फार, तिथे कार्बनमध्ये तांब्याची भुकटी मिसळतात. ज्याला जे काम, त्याला तो कार्बन. म्हणून एकाच मोटारीत एका बाजूला एका जातीचा आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्या जातीचा ब्रश घालू नये. बदलायचे तर जोडीने. चाचांच्या दुकानात एका डब्यात वेगवेगळ्या मापांचे कार्बन असत आणि गिऱ्हाईक "कोई भी दे दो" म्हणाले की ते डबा मिटून घेत.

पण चांगला कार्बन हे निम्मेच काम. स्प्रिंगचा दाब दर चौरस सेंटीमीटरला साधारण दोनशे ग्रॅम असावा. गिरणीत तरुण मिस्त्री ठिणग्या दिसल्या की स्प्रिंग आवळीत, कार्बन घासून संपत. कोणी दया येऊन ती ढिली करी, तर ठिणग्यांनी संपत. चाचा छोटा ताणकाटा लावून दाब मोजीत. ब्रशाच्या पाठीला तांब्याच्या बारीक तारांची वेणी असते, तिच्यातून वीज जावी लागते. वेणी सैल झाली तर वीज स्प्रिंगमधून वाट काढते. स्प्रिंग तापते, तिचा ताण जातो. पट्ट्यांमधले अभ्रक तांब्याच्या पातळीखाली कोरलेले हवे, कारण अभ्रक तांब्यापेक्षा सावकाश झिजते, मग ते वर येऊन ब्रशाला ठेचा देते. मोडक्या हॅकसॉ-पात्याच्या तुकड्याने अभ्रक कोरण्याचे काम माझ्याकडे असे. त्या दीड महिन्यात मी किती फटी कोरल्या असतील! नवे ब्रश घातले की मोटार प्रथम अर्धा तास नुसती, बिनकामाची चालवायची. ब्रशाचे तोंड तांब्याच्या गोलाईला बसले की मग मशीनला जोडायची. तपासायला काढलेला ब्रश पुन्हा त्याच घरात, त्याच बाजूने घालायचा. सगळे नियम असे साधे, आणि सगळे घाईच्या विरुद्ध.

एक गोष्ट मात्र चाचांनाही चकित करी. गिरणीत ज्या मोटारींवर पुरेसे काम नसे, त्यांचे ब्रश भरकामाच्या मोटारींपेक्षा लवकर झिजत. ग्राफाइटच्या ब्रशाला दर चौरस सेंटीमीटरमागे आठ ते बारा अँपिअर प्रवाह मानवतो; त्याच्या फार खाली राहिले तर तो चॉकलेटी थर नीट धरत नाही. शिक्षकांच्या बैठकीत हे उदाहरण वापरण्याचा मोह मला दरवर्षी होतो. अद्याप आवरला आहे.

आज त्या गिरण्या नाहीत. रेल्वेची नवी इंजिने ब्रश नसलेल्या मोटारींवर चालतात, घरातले नवे पंखेही. तरी स्वयंपाकघरातील मिक्सर आणि सुताराचे ड्रिल यांत ते दोन काळे तुकडे बहुधा असतातच. पवनचक्क्यांच्या अनेक जनित्रांतही असतात. आपला मिक्सर मागून ठिणग्या टाकू लागला, तर वाचकांनी तो रद्दीत घालण्यापूर्वी एकदा ब्रश पाहावेत. आणि हल्ली फवाऱ्याच्या डब्यांत मिळणारे सिलिकोनचे वंगण बंदिस्त मोटारीजवळ वापरू नये. त्याच्या वाफेची ठिणगीत वाळूसारखी कडक भुकटी होते आणि कार्बन झपाट्याने उतरतो. रविवारच्या माझ्या दोन थेंबांचाच हा नवा अवतार.

चाचांनी भरलेले ते आर्मेचर अजून चालते. त्या वर्षी आईचे गणवेश वेळेवर पोचले. पण ते आर्मेचर तयार होईपर्यंतच्या आठ रात्री तिने पायांनी काढल्या होत्या, आणि उजवा गुडघा नंतर कधी पूर्ववत झाला नाही. तो तसाही दुखतच होता, असे ती म्हणते. मी त्यावर काही बोलत नसे.

गेल्या दिवाळीच्या आधी मी तिच्या मशीनचे कार्बन बदलायला बसलो होतो. आई आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. मोठे काम करीत नाही, पण नातवंडांच्या कपड्यांना टीप मारायला मोटार लागते. जुने ब्रश चार वर्षांनी काढीत होतो आणि अजून निम्मे शिल्लक होते. तांबे चॉकलेटी, सारखे. कशाने कोण जाणे, एकेचाळीस वर्षे गिळलेले सगळे त्या क्षणी बाहेर आले. चार रुपये, रद्दीवाला, सेलची कांडी, सहाण, चाचांचे खोटे.

आई बराच वेळ सुईत दोरा ओवीत होती. दोरा ओवून झाल्यावर म्हणाली, "सहाण काळी का झाली, म्हणून मी महिनाभर चंदन टाकून दिलं होतं. भेसळीचं समजून." मग थोड्या वेळाने, "अंक तरी चांगला होता का?"

मी म्हटले, "चांगला होता."

"मग मला का नाही दिलास वाचायला?"

अंक अजून माझ्याकडे आहे. त्याच दिवशी संध्याकाळी कपाटाच्या तळातून तो काढला, सुटी पाने लावली आणि तिला नेऊन दिला. अक्षर बारीक आहे म्हणून ती रोज एक-दोन पाने माझ्याकडून वाचून घेते. सध्या आम्ही अठ्ठावन्नाव्या पानावर आहोत.